जमिनीत शिसं, कॅडमियम निघालंय आणि झाडं लावून माती सुधारायचीय? मग हे क्रमानं करा

जमिनीत जड धातू सापडले की माणूस आधी नेटवर शोधतो, आणि तिथे हमखास भेटतं ते म्हणजे सूर्यफूल लावा, मोहरी लावा, दोन-तीन वर्षांत माती स्वच्छ. मोहरी धातू ओढते हे खरंय, सूर्यफूल ओढतं हेही खरंय, पण किती ओढतं आणि तुमच्या मातीत मुळात आहे किती हा हिशोब कोणी मांडून दाखवत नाही. आमची थोडी जमीन नाल्याकाठी आहे, वरच्या अंगाला पत्र्याच्या शेडमधली प्लेटिंगची (धातूवर मुलामा चढवायची) कामं चालायची आणि वर्षानुवर्षं मोटर लावून तेच पाणी भाजीला दिलं गेलं, त्यामुळे हा सगळा विषय मला मुळापासून शिकावा लागला. झाडांचा उपयोग होतो, नक्की होतो, पण बहुतेक ठिकाणी तो धातू उपसून काढायला नाही तर त्याला जागच्या जागी अडवून ठेवायला होतो, आणि हे आधीच कळलं तर पैसे आणि वर्षं दोन्ही वाचतात. म्हणून हे लिहितेय.

१. आधी त्या जमिनीतलं खाणं थांबवा

झाडंबिडं नंतर. रिपोर्ट येईपर्यंत तिथली पालेभाजी घरात आणू नका आणि विकूही नका. पालक, मेथी, माठ, चुका यांच्या पानांत कॅडमियम सहज चढतं. शिशाचं वागणं वेगळं, ते मुळातून वर फारसं चढत नाही, ते पोटात जातं धुळीतून. पानाला चिकटलेली माती, मुळ्याच्या आणि रताळ्याच्या सालीला लागलेली माती, मुलांच्या हाताला आणि नखांत अडकलेली माती, चपलेबरोबर घरात आलेली माती. वांगी, भेंडी असल्या फळभाज्यांत सहसा पालेभाजीपेक्षा कमी असतं पण म्हणून ती सुरक्षित असं रिपोर्टशिवाय धरू नका.

घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल आणि बॅटरी फोडायचं काम किंवा शिसं वितळवायची भट्टी जवळ असेल तर डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या. साधी रक्ताची तपासणी आहे. शिशाची लहान मुलांसाठी अमुक इतकी चालते अशी सुरक्षित पातळीच नाही, अमेरिकेत २०२१ पासून १०० मिलीलिटर रक्तात ३.५ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की लक्ष घालतात.

तोवर भाजी हवीच असेल तर बाहेरची चांगली माती आणून दीड-दोन फूट उंचीचे वाफे करा, खाली जाड जिओटेक्स्टाइल (माती अडवणारं, पाणी जाऊ देणारं कापड) टाका. आणि उघडी पडलेली जमीन काहीतरी करून झाका, गवतानं, पाचटानं, कशानंही. धूळ उडायची थांबली की बराच धोका त्याच दिवशी कमी होतो.

२. जागेचा इतिहास काढा

लॅबवाला विचारतो "कुठले धातू तपासायचे?" आणि प्रत्येक धातूचे पैसे वेगळे असतात, त्यामुळे हे माहीत पाहिजे. जुन्या बॅटऱ्या फोडल्या जायच्या तिथे शिसं. प्लेटिंगच्या पाण्यात निकेल, क्रोमियम, झिंक, कॅडमियम. चामड्याच्या कारखान्याजवळ क्रोमियम. जुन्या घराच्या भिंतीलगत रंगाचे पापुद्रे पडत असतील तर शिसं, कारण घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (पीपीएम म्हणजे किलोमागे मिलीग्रॅम) जास्त नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीचे रंग त्याआधीचेच. मोठ्या रस्त्याच्या कडेला पण शिसं असू शकतं. शिशाचं पेट्रोल २००० सालीच बंद झालं तरी मातीत पडलेलं शिसं कुठे जात नाही, वरच्या काही इंचात तसंच बसून राहतं.

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षवाल्यांनो, तुमच्याकडे तांबं बघा. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद दरवर्षी पडतं आणि ते साठत जातं, जगभरच्या जुन्या द्राक्षबागांत हे दिसलंय.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, हे मी मनापासून सांगते. कुठल्या खड्ड्यात काय आणून टाकायचे, कुठला ओढा कधी हिरवा-पिवळा व्हायचा हे त्यांना बरोबर आठवतं आणि ते कुठल्याच कागदावर नसतं.

आणि एक महत्त्वाचं, कचरा किंवा पाणी अजूनही येतंय असं दिसलं तर खोदकाम, नांगरट काही करायच्या आधी फोटो काढा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या भागातल्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तक्रारीची एक प्रत तहसीलदार किंवा ग्रामपंचायतीलाही. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं दूषित जागांसाठी वेगळे नियम काढलेत आणि ज्यानं प्रदूषण केलं त्यानं खर्च सोसायचा हे तत्त्व त्यात आहे. तुम्ही स्वतःच नांगर फिरवून माती वरखाली केली की पुरावा गेला. शिवाय वरून घाण पाणी चालूच असेल तर खाली कितीही झाडं लावा, काही अर्थ नाही, आधी तो नळ बंद झाला पाहिजे.

जमवायची कागदपत्रं:
- सातबारा आणि गटाचा नकाशा
- जागा दुसऱ्याची किंवा सोसायटीची असेल तर लेखी परवानगी
- तक्रार दिली असेल तर पोच, तारखेसकट फोटो
- विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट (हा मातीबरोबरच करून घ्या, नंतर नको)

सामान: स्टेनलेस स्टीलचं खुरपं, प्लास्टिकची बादली, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, न पुसणारा मार्कर, टेप, रबरी हातमोजे, गमबूट, एन-९५ मास्क, आणि शेतातच राहतील अशा जुन्या चपला.

३. नमुना नीट घ्या, अर्धी गडबड इथेच होते

मूठभर माती कागदात बांधून लॅबला दिली की जो आकडा येतो तो त्या मुठीचा असतो, जमिनीचा नसतो. धातू सगळीकडे सारखे पसरत नाहीत. पाणी जिथून शेतात शिरतं तिथे जास्त, टोकाला कमी. म्हणून जमिनीचे भाग पाडा: पाणी शिरतं तो भाग, मधला, लांबचा, आणि कुठे राख किंवा काळा-पिवळा पट्टा दिसत असेल तर तो स्वतंत्र. प्रत्येक भागात नागमोडी फिरत १०-१५ ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्हीसारखा खड्डा घ्या, त्याच्या बाजूची ० ते १५ सेंमीपर्यंतची चकती काढा, बादलीत सगळं मिसळा, ढीग करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलोवर आणा. ह्याच पद्धतीनं १५ ते ३० सेंमीचा वेगळा नमुना. सावलीत वाळवा.

इथले दोन सापळे. एक, लोखंडी घमेलं किंवा पत्र्याची बादली वापरू नका, त्याला जस्ताचा मुलामा असतो आणि रिपोर्टमध्ये झिंक उगाच वाढून येतं. दोन, स्वच्छ जागेचा नमुना घ्यायला लोक विसरतात. तुमच्यासारखीच माती पण ते पाणी कधी न लागलेली, बांधाच्या वरची किंवा शेजारच्या उंच वावरातली, तिचा नमुना त्याच दिवशी घ्या आणि त्याच लॅबला द्या. का ते पुढे सांगते.

प्रत्येक पिशवीवर भाग, खोली, तारीख लिहा आणि खड्ड्यांची जागा मोबाईलच्या मॅपवर सेव्ह करा. पुढे याच जागी परत यायचंय.

४. लॅबला काय मागायचं आणि रिपोर्ट कसा वाचायचा

मृदा आरोग्य पत्रिका इथे कामाची नाही. त्यात १२ गोष्टी असतात, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि झिंक, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक त्यात नसतंच. आणि जे झिंक-तांबं असतं ते पिकाला उपलब्ध असलेलं असतं, एकूण नव्हे. कार्ड सगळं हिरवं आणि जमीन शिशानं भरलेली असं खुशाल होऊ शकतं.

एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबकडे जा आणि मान्यता मातीतल्या धातूंसाठी आहे ना ते विचारा, काहींची फक्त पाण्यासाठी असते. मागायचं असं: आम्लात विरघळवून एकूण धातू, आयसीपी किंवा एएएस या धातू मोजायच्या यंत्रावर. त्याबरोबर डीटीपीए या रसायनाच्या पद्धतीनं उपलब्ध, म्हणजे झाडाला घेता येणारा धातू. सामू आणि सेंद्रिय कर्ब. क्रोमियम जास्त निघालं तर त्याचं हेक्साव्हॅलंट रूप वेगळं, कारण विषारी आणि पाण्याबरोबर पळणारं ते असतं, ट्रायव्हॅलंट क्रोमियम बऱ्यापैकी गप्प बसतं. नमुना देतानाच विचारून ठेवा की यंत्र किती खालपर्यंत मोजतं. कॅडमियमसमोर बीडीएल (म्हणजे मोजता येण्यापेक्षा कमी) लिहून आलं आणि त्यांची मोजायची मर्यादाच ५ असेल तर त्या बीडीएलला काही किंमत नाही.

आता रिपोर्ट. आपल्याकडच्या अभ्यासांत मातीसाठी मर्यादा म्हणून जे आकडे सर्रास वापरले जातात ते किलोमागे मिलीग्रॅममध्ये असे: कॅडमियम ३ ते ६, शिसं २५० ते ५००, तांबं १३५ ते २७०, झिंक ३०० ते ६००, निकेल ७५ ते १५०. राहत्या घराच्या मातीतल्या शिशासाठी अमेरिकेनं बरीच वर्षं ४०० धरलं होतं, जानेवारी २०२४ मध्ये ते २०० वर आणलं, म्हणजे शिशाच्या बाबतीत आपल्या ५०० वर निर्धास्त राहू नका, मुलं खेळत असतील तर अजिबातच नको.

पण महाराष्ट्रातल्या वाचणाऱ्यांनी इथे थांबायचंय. आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्टपासून झालीय आणि त्या खडकात तांबं, निकेल, क्रोमियम, व्हॅनेडियम मुळातच भरपूर आहे. कधी कुठलं घाण पाणी न लागलेल्या काळ्या रानातही तांबं आणि क्रोमियम शंभरच्या पुढे निघू शकतं, त्यात प्रदूषण काही नाही, तो खडकाचा गुण आहे आणि तो धातू खनिजात घट्ट अडकलेला असतो. लोक हा आकडा बघून घाबरतात आणि कोणीतरी त्यांना रोपं विकतं. म्हणून तो स्वच्छ जागेचा नमुना. तुमच्या आणि त्या नमुन्यातला फरक बघा, डीटीपीएचा आकडा बघा. बेसाल्टमध्ये शिसं आणि कॅडमियम मात्र फार कमी असतं, त्यामुळे ते वाढलेलं दिसलं तर ते बाहेरूनच आलंय असं समजा.

५. रोपं विकत घ्यायच्या आधी हा हिशोब करा

या लेखातलं एकच काही वाचणार असाल तर हे वाचा.

एक एकर जमिनीची वरची २० सेंमी माती म्हणजे साधारण १० लाख किलो. म्हणजे १ पीपीएम धातू कमी करायचा तर एकरामागे १ किलो शुद्ध धातू बाहेर काढावा लागतो. गुंठ्याला २५ ग्रॅम. आता झाड किती काढतं? वाळलेल्या झाडाचं वजन गुणिले त्यातलं धातूचं प्रमाण, बस.

शिसं आणि मोहरी. ५०० वरून २५० वर आणायचंय, म्हणजे एकरी २५० किलो शिसं. मोहरीचा वाळलेला पाला-काड्या एकरी २ टन धरा आणि उदार होऊन त्यात किलोला १०० मिलीग्रॅम शिसं धरा. एका पिकात निघालं २०० ग्रॅम. २५० किलोसाठी १२५० पिकं लागतील. वर्षाला दोन घेतली तरी सहाशे वर्षांवर. सापळा कुठे आहे कळलं ना?

कॅडमियम. ६ वरून ३ वर, म्हणजे ३ किलो. वर्षाला ४ टन वाळलेला माल आणि त्यात २० मिलीग्रॅम धरलं तर वर्षाला ८० ग्रॅम, म्हणजे सदतीस-अडतीस वर्षं. अवघड आहे पण प्रदूषण कमी असेल, समजा १ पीपीएमच कमी करायचंय, तर विचार करता येतो.

आर्सेनिक. इथे चित्र वेगळंय. टेरिस व्हिटाटा नावाचं एक नेचं आहे, २००१ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या संशोधकांनी दाखवलं की ते पानांत प्रचंड आर्सेनिक साठवतं, त्यांच्या प्रयोगात वाळलेल्या पानाच्या २ टक्क्यांच्या वर गेलं. शेतात तेवढं मिळत नाही, पण किलोला २००० मिलीग्रॅम आणि एकरी १ टन पानं धरली तरी वर्षाला २ किलो. ४० वरून २० वर यायला साधारण दहा वर्षं. आणि हे आशादायक हिशोब आहेत बरं का, कारण सुरुवातीला सुटं आर्सेनिक निघतं, पुढे पुढे मातीला घट्ट धरलेलं उरतं आणि वेग मंदावतो.

निकेलचं पण चांगलं चालतं, अल्बानियात अलिसम जातीची झाडं लावून हेक्टरी १०० किलोच्या आसपास निकेल काढलंय, पण ती निकेलनं ठासून भरलेली सर्पेंटाइन खडकाची माती आहे आणि ती झाडं तिथली आहेत.

हा हिशोब तुमच्या आकड्यांवर कागदावर मांडा. दहा-पंधरा वर्षांच्या आत येत नसेल तर ओढून काढायचा नाद सोडा आणि अडवून ठेवायच्या मार्गाला लागा. त्यात कमीपणा काही नाही. धातू मातीत आहे पण धुळीत, पाण्यात, भाजीत जात नाही, म्हणजे माणसापर्यंत पोचत नाही, हे खूप मोठं काम आहे.

सूर्यफुलाबद्दल पण इथेच. चेर्नोबिलला सूर्यफुलं वापरली हे खरंय, १९९० च्या दशकात, पण ती तळ्यात तराफ्यावर वाढवली होती आणि मुळांनी पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम-स्ट्रॉन्शियम धरलं. पाण्यातून धरणं आणि मातीतून ओढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फुकुशिमात २०११ मध्ये लोकांनी मोठ्या आशेनं मातीत सूर्यफुलं लावली, जपानच्या कृषी खात्यानं तपासलं तर जवळपास काहीच उपयोग झाला नव्हता.

६. झाड निवडा

अडवून ठेवायचं असेल तर माझी पहिली पसंती वाळा. मुळं सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत तीन मीटरपर्यंत, धातू बहुतेक मुळातच थांबतात आणि पात्यांत कमी चढतात, उन्हाळा सोसतो, पावसाळ्यात पाणी साचलं तरी मरत नाही, आणि बांधावर ओळीत लावला की माती वाहून जायची थांबते. पण ऐका, या वाळ्याची मुळं कधीही विकायची नाहीत आणि घरी आणायची नाहीत. आपल्याकडे उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकतात, आणि धातू नेमके मुळात साठलेले असतात. शेतावर येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा, पाटी लावा, कारण वाळा दिसला की उपटून नेणारे असतात.

बांबू, म्हणजे मानवेल किंवा कोकणात माणगा, हा दुसरा चांगला पर्याय, काठीला बाजार आहे. फक्त कोवळ्या कोंबांची भाजी करू नका. एरंड पण टिकतो, जनावरं त्याला तोंड लावत नाहीत हा मोठा फायदा. झेंडू लहान जागेला बरा, जमीन झाकते, फुलं खायची नसतात. ताग चालेल. अंबाडी मी टाळते, धाग्याला चांगली आहे पण तिची भाजी इतकी घराघरात होते की कोणीतरी पाला खुडून नेणारच. मोहरीचंही तेच.

आर्सेनिक असेल तरच ते नेचं. आपल्याकडे जुन्या विहिरींच्या दगडी भिंतीत, चुन्याच्या सांध्यांत ते उगवलेलं दिसतं, त्याला चुन्याची आणि अर्ध्या सावलीची आवड आहे. भर उन्हात मे महिन्यात उघड्यावर ठेवाल तर जळेल, शेडनेट किंवा शेवग्यासारख्या झाडाची विरळ सावली द्या (शेंगा मात्र खाऊ नका). रोपं वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून ओळख पटवून घ्या, नेच्यासारखं दिसणारं सगळं टेरिस नसतं.

परदेशातून कॅडमियम-झिंक ओढणाऱ्या एका छोट्या युरोपियन झाडाचं बी मागवायचा मोह होईल, नॉक्सिया म्हणतात त्याला. थंडीतलं, जमिनीलगत वाढणारं छोटं रोप आहे, आपला उन्हाळा त्याला झेपणार नाही. आणि बी आयात करायला वनस्पती विलगीकरणाची परवानगी लागते, पोस्टानं चोरून मागवू नका.

गाजरगवत धातू सोसतं असं वाचून कोणी मुद्दाम वाढवत असेल तर कृपा करून थांबा. दमा आणि त्वचेचे त्रास विकत घ्याल.

७. मातीची तयारी, धातूप्रमाणे

चुना टाका, शेणखत टाका, हा सल्ला सगळ्या धातूंना लागू होत नाही. नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे फसतो.

शिसं, कॅडमियम, झिंक, निकेल ही आम्ल मातीत सुटी होतात. कोकणातली जांभी माती सामूनं साडेपाच-सहा असेल तर चुना देऊन साडेसहा-सातवर आणा, उपलब्ध धातू खाली येतो. देशावरच्या काळ्या मातीचा सामू आधीच आठच्या आसपास असतो, तिथे चुन्याचं काम नाही. चांगलं कुजलेलं शेणखत दोन्हीकडे द्या, भरपूर द्या. शिशाला स्फुरद पकडतं आणि न विरघळणारं खनिज बनतं, म्हणून रॉक फॉस्फेटचा उपयोग होतो.

आर्सेनिक असेल तर उलटं. चुन्यानं सामू वाढला की ते सुटतं, स्फुरद जास्त दिलं तरी सुटतं, कारण मातीच्या कणांवर दोघं एकाच जागेसाठी भांडतात. म्हणजे शिसं आणि आर्सेनिक दोन्ही असतील तर स्फुरद आंधळेपणानं टाकू नका, कृषी विद्यापीठातल्या मृदाशास्त्र विभागात रिपोर्ट घेऊन जा. नेचं लावणार असाल तरी स्फुरदावर हात आखडता, ते नेच्याच्या मुळातही आर्सेनिकच्या वाटेत येतं. हेक्साव्हॅलंट क्रोमियमला सेंद्रिय खत औषधासारखं लागू पडतं, त्यानं ते ट्रायव्हॅलंटमध्ये बदलतं, चुना मात्र नको.

आणि ईडीटीए, म्हणजे मातीतला धातू पकडून सुटा करणारं रसायन. कोणी सांगेल की मातीत ईडीटीए ओता म्हणजे मोहरी दणादण शिसं ओढेल. ओढते, प्रयोगात हे दिसलंय. पण झाडानं घेतलं नाही ते सगळं सुटं झालेलं शिसं पहिल्या मोठ्या पावसात खाली जातं, आणि खाली तुमची किंवा शेजारच्याची विहीर आहे. ईडीटीए मातीत लवकर मोडतही नाही. उघड्या शेतात हे करूच नका, कोणी कितीही खात्री दिली तरी.

८. लागवड

मृगाचा पाऊस धरून जूनमध्ये. वाळ्याचे दोन-तीन फुटव्यांचे ठोंब घ्या, पाती वीतभर ठेवून छाटा, मुळं बोटभर ठेवा, आणि उताराला आडव्या ओळीत १०-१५ सेंमीवर लावा. पाणी जिथून बाहेर पडतं त्या टोकाला दोन ओळी जास्त. पहिला पावसाळा गवत काढा, पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून पाणी द्या, पाणी अर्थात त्या नाल्याचं नको. दोन ओळींच्या मधली जमीन उघडी ठेवू नका, ताग किंवा झेंडू पेरा.

खोल नांगरट नको. धातू वरच्या थरात असतो, तो खाली गाडायचा की नाही हा वेगळा तज्ज्ञांचा निर्णय आहे. काम करायचं ते जमीन ओलसर असताना, म्हणजे धूळ कमी. तिथे बसून डबा खायचा नाही, तंबाखू मळायची नाही. मजुरांना पण हातमोजे द्या आणि कशासाठी ते नीट समजावून सांगा, त्यांच्या घरी पण मुलं आहेत.

कुंपण हवंच. शेळ्या सगळं खातात.

९. कापलेल्या मालाचं काय

हा प्रश्न लागवडीच्या आधी सुटलेला पाहिजे. ओढून काढायची पद्धत असेल तर कापलेलं झाड म्हणजे तोच धातू, फक्त जागा बदललेला. तो पेटवला तर कॅडमियम, आर्सेनिक धुरात जातं. कंपोस्ट केला तर परत मातीत. चुलीत नाही, गोठ्यात नाही, शेजाऱ्याच्या उकिरड्यावर नाही. गळलेली पानं सुद्धा गोळा करावी लागतात, नाहीतर झाडानं वर आणलेला धातू सुट्या रूपात वरच्याच थरावर पडतो आणि आधीपेक्षा वाईट होतं.

करायचं असं. ताडपत्रीवर तिथेच वाळवा, जाड पिशव्यांत भरा, छपराखाली ठेवा, आणि त्यातला एक नमुना लॅबला द्या. आकडा मोठा आला तर प्रदूषण मंडळाला लेखी विचारून धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवा, महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला अशी केंद्रं आहेत. त्याला पैसे लागतात आणि माल थोडा असेल तर ते लवकर दाद देत नाहीत, म्हणून चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून बोलणं बरं पडतं. नेच्याची पानं कापताना मधला कोंब राखून कापा, पुन्हा फुटतं.

अडवून ठेवणाऱ्या झाडांना ही कटकट कमी. वाळ्याच्या पात्यांचा रिपोर्ट एकदा काढा, कमी आला तर पाती कापून तिथेच ओळींमध्ये आच्छादन म्हणून पसरा. शेताबाहेर न्यायची गरजच नाही.

१०. पुन्हा तपासणी

वर्षातून एकदा, त्याच महिन्यात, त्याच जागी, त्याच लॅबकडून, त्याच पद्धतीनं. यातलं एक बदललं तरी आकड्यांची तुलना होत नाही. आणि ५०० चे ४६० झाले म्हणून पेढे वाटू नका, नमुन्या-नमुन्यात तेवढा फरक तसाही पडतो. तीन-चार वर्षं एकाच दिशेनं खाली येत असेल तर ते खरं.

अडवून ठेवायच्या पद्धतीत एकूण आकडा हलणारच नाही, तो हलावा अशी अपेक्षाही ठेवू नका. तिथे बघायचा तो डीटीपीएचा आकडा, विहिरीचं पाणी, आणि शेतातून वाहून जाणाऱ्या गढूळ पाण्यातला धातू. हे तीन खाली येत असतील तर काम चाललंय. सामू पण बघत राहा, कोकणात चुना दोन-तीन वर्षांनी उतरतो आणि परत द्यावा लागतो.

परत भाजी घ्यायची इच्छा झाली, आणि होतेच, तर माती बघून निर्णय घेऊ नका. एक छोटा वाफा करा, पालक लावा कारण तो सगळ्यात जास्त ओढणाऱ्यांपैकी आहे, आणि तो पालक स्वच्छ धुवून लॅबला द्या. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात पालेभाजीत शिसं किलोला ०.३ मिलीग्रॅम आणि कॅडमियम ०.२ मिलीग्रॅमपर्यंत चालतं, पण हे ताज्या ओल्या वजनावर. लॅब बरेचदा वाळवून मोजते आणि पालकात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असल्यामुळे तोच आकडा दहापट मोठा दिसतो. म्हणून नमुना देतानाच लिहून द्या की निकाल ओल्या वजनावर हवा, किंवा पाण्याचं प्रमाण तरी कळवा, म्हणजे घरी भागाकार करता येतो.